काच, ऊन आणि विजेचे बिल



संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'खिडकीच्या काचेवर लावायची फिल्म' असे सांगितले. त्यांना प्रथम ही थट्टाच वाटली. कामगार संघटनेच्या माणसाने महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर नव्या श्रमसंहितांवर बोलावे. काचेवर चिकटवायच्या एका पातळ कागदाशी त्याचे काय नाते? नाते आहे, आणि ते बरेच जवळचे आहे. ऊन कोणाच्या पाठीवर पडते आणि ते अडवल्याचा फायदा कोणाच्या खात्यात जमा होतो, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे. पदार्थविज्ञान आम्ही कॉलेजात शिकलो नाही. करारांचे मसुदे आणि कारखान्यांची वीजबिले वाचता वाचता जे समजले, तेवढेच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

आपल्यापैकी अनेकांनी गच्चीवर सूर्यचूल ठेवून भात शिजवला असेल. काळी पेटी, आत काळे डबे आणि वर काच. पेटीवरची काच काढून घेतली तर भात कच्चा राहील. उन्हाचा प्रकाश काचेतून जवळजवळ बिनअडथळा आत शिरतो, आतल्या काळ्या पत्र्यावर पडतो आणि पत्रा तापतो. तापलेला पत्राही किरण बाहेर टाकतो, पण ते किरण निराळे असतात. लांब लहरींचे, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना काच वाट देत नाही. शिवाय तापलेली हवाही काचेमुळे आतच कोंडली जाते. येणाऱ्याला दार उघडे, जाणाऱ्याला बंद, असा हा काचेचा स्वभाव आहे. १७६७ साली जिनिव्हाच्या द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने एकात एक काचेच्या पेट्या ठेवून ही उष्णता मोजली होती. म्हणजे गोष्ट अडीचशे वर्षे माहीत आहे. तरीही आपण आज चारी बाजूंनी काचेच्या इमारती बांधतो, त्यांत माणसे बसवतो आणि मग ती शिजू नयेत म्हणून यंत्रे लावतो.

जुन्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. मुंबईच्या गिरणगावात ज्यांनी काम केले, किंवा ज्यांचे वडील-काका तिथे राबले, त्यांना गिरणीचे छप्पर आठवत असेल. करवतीच्या दातांसारखे छप्पर! प्रत्येक दाताची एक बाजू उतरती, कौलांची किंवा पत्र्याची. दुसरी उभी, काचेची. ती काचेची बाजू उत्तरेला तोंड करून असे. उत्तरेकडून प्रकाश भरपूर येतो, पण थेट ऊन फारसे येत नाही. मागावरचा तुटलेला धागा दिसला पाहिजे आणि ऊन तर डोळ्यांवर येता कामा नये, एवढा विचार त्या छपरात होता. गिरणीमालकाने तो कामगारावरच्या मायेपोटी केला नव्हता. त्याला कापड चांगले हवे होते. पण विचार केला होता, हे कबूल केले पाहिजे. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्याच जमिनींवर जे मनोरे उभे राहिले त्यांच्या पश्चिमेलाही काच, पूर्वेलाही काच आणि दक्षिणेलाही काच. सूर्याला ओळखणारी इमारत पाडून सूर्याला न ओळखणारी इमारत आपण बांधली. असो.

आता ऊन म्हणजे नेमके काय, ते थोडे पाहू. सूर्याकडून येणाऱ्या उष्णतेतली सुमारे निम्मी न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. निम्म्याहून काहीशी कमी दिसणाऱ्या प्रकाशातून येते. उरलेला लहानसा वाटा अतिनील किरणांचा. हा शेवटचा वाटा उष्णतेच्या हिशेबात नगण्य, पण दुकानाच्या काचेत मांडलेल्या साड्यांचा रंग उडवण्यात त्याचा मोठा हात. साधी स्वच्छ काच यांतले बहुतेक सगळे आत सोडते. शंभर भाग ऊन काचेवर पडले, तर त्यातली पंच्याऐंशी भाग उष्णता खोलीत पोहोचते.

ही तूट भरून काढण्यासाठी फिल्म. ती कशाची असते? पॉलिएस्टरची. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी हा पदार्थ तयार केला, तोही कापड छापणाऱ्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत. त्याचाच धागा काढला की टेरिलिन होते, बाटली केली की पाण्याची बाटली होते, आणि पातळ पान ताणले की ही फिल्म. ज्या पदार्थाने सुती कापडाचा बाजार मारला, तोच आता गिरणीच्या जागेवरच्या मनोऱ्याचे ऊन अडवतो आहे, हा योग आम्हांला नेहमी विचित्र वाटतो. पान वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ असते. त्यावर निर्वात पेटीत धातूचा इतका पातळ थर बसवतात की त्यातून पलीकडचे दिसते. हा थर उन्हाचा बराच भाग आरशासारखा परत फिरवतो. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीला अशा फिल्मचे पेटंट १९६६ साली मिळाले. धातूऐवजी नुसता रंग घातलेली स्वस्त फिल्मही मिळते. ती ऊन परतवत नाही, शोषून घेते. म्हणजे काचच तापते आणि त्या उष्णतेतला काही भाग पुन्हा आत येतो. शिवाय थोड्याच वर्षांत तिचा रंग जांभळट होतो आणि फुगे धरतात. अशा जांभळ्या खिडक्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

हिशेब मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. चार फूट रुंद, चार फूट उंच अशी पश्चिमेची एक खिडकी घ्या. सोळा चौरस फूट, म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारच्या सुमारास अशा उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सहाशे वॅट ऊन पडते असे धरू. म्हणजे काचेवर नऊशे वॅट. आत येतात सुमारे साडेसातशे. घरातली कपड्यांची इस्त्री साधारण एवढ्याच वॅटची असते. म्हणजे रोज दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर एक इस्त्री तापवून ठेवायची आणि ती थंड करायला कोपऱ्यात वातानुकूलन यंत्र चालवायचे, असा हा व्यवहार. आता शंभरातली चाळीस भाग उष्णताच आत सोडणारी फिल्म लावली, तर साडेसातशेचे साडेतीनशेच्या आसपास होतात. चारशे वॅट वाचले. पण ही वाचली ती उष्णता, वीज नव्हे. यंत्र एक भाग वीज खाऊन साधारण तीन भाग उष्णता बाहेर टाकते, तेव्हा वीज वाचली सुमारे एकशे तीस वॅट. रोज तीन तास ऊन धरले तर चार दशांश युनिट. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर चाळीस युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर चारशे रुपये. फिल्म लावण्याची मजुरी धरून चौरस फुटाला शंभर रुपये पडले, तर खर्च सोळाशे. चार उन्हाळ्यांत पैसे वसूल. आपल्या घरचा दर, आपली खिडकी, आपले ऊन घालून आपण हा हिशेब स्वतः करून पाहावा. खिडकीसमोर पिंपळ असेल तर पैसे कधीच वसूल होणार नाहीत, आणि होऊही नयेत.

कोणती खिडकी, हा प्रश्न म्हणूनच पहिला. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन फारसे शिरतच नाही, जे शिरेल ते वीतभर छज्जा अडवतो. हिवाळ्यात मात्र दक्षिणेचे ऊन आत येते, आणि ते आपल्याला हवेच असते. खरा जाच पश्चिमेचा, त्याखालोखाल पूर्वेचा. खाली उतरलेला सूर्य छज्ज्याच्या खालून थेट आत डोकावतो. तरीही दुकानदार घरातल्या सगळ्या खिडक्यांचे माप घेतो. त्याचे पोट त्यावर आहे. आपण आपल्या खिशाकडे पाहावे.

दुकानदाराची आणखी एक युक्ती सांगून ठेवतो. तो तापलेल्या लाल दिव्यापुढे काचेचे दोन तुकडे धरतो, एक साधा आणि एक फिल्म लावलेला, आणि आपल्याला हात पुढे करायला सांगतो. फिल्ममागे हाताला काहीच लागत नाही. 'नव्याण्णव टक्के!' असे तो म्हणतो. दिव्याची उष्णता जवळजवळ सगळी अवरक्त. सूर्याची तशी निम्मीच. दिवा जिंकणारी फिल्म सूर्यापुढे तेवढी जिंकत नाही. कधी कधी ते नव्याण्णव टक्के अतिनील किरणांचेच असतात, ज्यांचा उष्णतेशी संबंध थोडा. विचारायचे आकडे दोन: उन्हाची एकूण उष्णता शंभरात किती आत येते, आणि प्रकाश किती आत येतो. दुसरा आकडा फार खाली गेला की भरदिवसा दिवे लावावे लागतात. इकडे वाचवले आणि तिकडे घालवले.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिथे येतो. काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आमची संघटना काम करीत होती. कारखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही; असे पुष्कळ आहेत. दर्शनी बाजू रस्त्याकडे, रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी काचही पश्चिमेला, खालपासून वरपर्यंत, न उघडणारी. मधे एक लाकडी पडदी. पडदीच्या अलीकडे कचेरी, तिथे गारवा. पलीकडे पॅकिंग खाते, तिथे बहुतेक बायका, आणि वर पंखे. दुपारी तीननंतर तिथल्या टेबलांवर ऊन यायचे. बायकांनी काचेला जुनी वर्तमानपत्रे चिकटवली. पाहुणे यायचे म्हटले की ती काढून टाकली जात, कारण बाहेरून वाईट दिसे. मग एका वर्षी कंपनीने ऊर्जाबचतीची मोहीम काढली, भिंतीवर फलक लागले, आणि काचेला फिल्म आली. आली ती पडदीपर्यंत! पलीकडची काच तशीच.

आम्ही व्यवस्थापकांना भेटलो. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी कागद पुढे केला. कचेरीत फिल्म लावली की यंत्राची वीज वाचते, ती बिलात दिसते, आणि खर्च इतक्या महिन्यांत फिटतो. पॅकिंग खात्यात यंत्रच नाही. मग फिल्म लावून वाचणार काय? कागदावर त्यांचे बरोबर होते. मंडळी, या 'ऊर्जा कार्यक्षमता' नावाच्या शास्त्रातली ही एक मोठी फट आहे. जिथे गारवा विकत घेतला जातो, तिथेच बचत मोजली जाते. जिथे माणूस घाम गाळून स्वतःच स्वतःला थंड करतो, तिथे ती ऊर्जा कोणाच्याच बिलात येत नाही, म्हणून ती वाचवल्याचे पुण्यही कोणाच्या खात्यात पडत नाही. ऊन दोन्हीकडे सारखेच पडत होते.

आम्ही मग कायदा काढला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात, कामाच्या जागेचे तापमान शक्य तितके कमी राहील अशा भिंती आणि छप्पर असावे, असे लिहिले होते. आणि मूळच्या मजकुरात उष्णता कमी करण्याचे उपायही नावानिशी होते: चुना फासणे, पाणी शिंपडणे, भिंती-छप्पर-खिडक्यांना आडोसा करणे. १९४८ साली खिडकीला आडोसा करावा हे कायदा लिहिणाऱ्याला सुचले होते! पुढे संसदेने २०२० मध्ये हा कायदा सुरक्षिततेच्या मोठ्या संहितेत विलीन केला. आमची ही गोष्ट त्याआधीची. कलम वाचून दाखवले, दोन बैठका झाल्या, आणि पडदीपलीकडेही फिल्म आली. टेबलावरचे ऊन गेले, डोळ्यांवरची तिरीप गेली. खोली थंड झाली असे आम्ही म्हणणार नाही. छप्पर पत्र्याचे होते ते होतेच. पण चारनंतर चक्कर येऊन खाली बसणे थांबले.

पुढची गंमत ऐका. महिन्याभरात सूचना लागली की आता ऊन येत नसल्यामुळे दुपारचे ताक आणि दहा मिनिटांची सुटी बंद. फिल्मचा खर्च असा वसूल करायचा! ताक परत मिळवायला आम्हांला फिल्म मिळवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. मिळाले.

हे झाले न उघडणाऱ्या काचेचे. आपल्या घरांची गोष्ट वेगळी, आणि ती दुकानदार सांगणार नाही. चाळीतल्या किंवा साध्या इमारतीतल्या घरात उन्हाळ्यात आपण खिडकी उघडी ठेवतो. वारा हाच आपला आधार. उघड्या खिडकीच्या पाखाला लावलेली फिल्म काय अडवणार? ऊन बाजूने सरळ आत येते. तिथे बाहेरून चीक सोडावी, बांबूचा पडदा टांगावा, वाळ्याचा ताटा असेल तर उत्तम. बाहेर अडवलेली उष्णता बाहेरच राहते. आतला पडदा तापतो तो घरातच. आमच्या मते फिल्मपेक्षा बाहेरची सावली केव्हाही श्रेष्ठ. चंडीगडच्या सरकारी इमारतींना काँक्रीटच्या उभ्याआडव्या पट्ट्या आहेत, त्या याच कारणाने. फिल्म ही आधीच उभ्या राहिलेल्या, बाहेर हात न लावता येणाऱ्या इमारतीची औषधगोळी आहे.

आणि वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली राहणाऱ्याने खिडकीचा विचार दुसरा करावा, पहिला छपराचा. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृती आराखडा झाला, पुढे छपरांना पांढरा रंग देण्याचे काम त्यात आले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच केले. चुन्याचा हात फिल्मपेक्षा स्वस्त पडतो.

मोठ्या इमारतीत मात्र फिल्मने काय होऊ शकते, याचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. १९३१ साली पुरी झालेली एम्पायर स्टेट इमारत, १०२ मजले, ६,५१४ खिडक्या. २०१० मध्ये त्या खिडक्यांचे काम झाले. पण नव्या आणल्या नाहीत. पाचव्या मजल्यावरच कारखाना थाटला; जुन्या दुहेरी काचा काढून, धुऊन, दोन काचांच्या मधोमध फिल्म ताणून बसवली, पोकळीत वायू भरला आणि पुन्हा जागेवर लावल्या. शेकडा ९६ भाग काच आणि चौकटी जुन्याच वापरल्या. आठ कामांपैकी हे एक. सगळी मिळून इमारतीची ऊर्जा शेकडा ३८ ने कमी होण्याचा अंदाज होता, वर्षाला ४४ लाख डॉलर. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आत येणारी उष्णताच कमी झाल्यामुळे गारव्याची मोठी यंत्रे नवी घ्यावी लागली नाहीत, जुनी दुरुस्त करून भागले. आधी काच, मग यंत्र, हा क्रम. आपल्याकडे बहुधा उलटा असतो. तिथे कडाक्याच्या थंडीत ऊब आत राखणे हाही हेतू होता. तशी थंडी अडवणारी महाग फिल्म कोणी आपल्या गळ्यात मारू लागले तर घेऊ नये.

आपल्याकडे नव्या इमारतींसाठी २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली, राहत्या घरांसाठी २०१८ साली इको-निवास संहिता आली. भिंती आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता यावी, याची मर्यादा तिने घातली आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही, आणि जुन्या इमारतींना ती लागू पडत नाही. आपण बहुतेक जण राहतो ते जुन्याच इमारतींत.

अध्यक्षांनी काही चिठ्ठ्या पुढे केल्या आहेत. एक म्हणते, फिल्मने काच तडकते का? तडकू शकते. उष्णता शोषणारी गडद फिल्म असेल तर काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते, आणि तडा कडेपासून निघतो. तारेची जाळी असलेली काच, दुहेरी काच, मुळातच रंगीत असलेली काच यांना फिल्म लावण्याआधी लेखी हमी घ्यावी.

दुसरी चिठ्ठी: न्यायालयाने फिल्मवर बंदी घातली आहे ना? सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा तो निकाल मोटारींच्या काचांबद्दल होता. घराला तो लागू नाही. मात्र आरशासारखी चकाकणारी फिल्म लावली तर ऊन समोरच्याच्या घरात जाते, म्हणून सोसायटीची परवानगी घ्यावी. आणि दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही, तसे रात्री आत दिवा असताना दिसते. हे बायाबापड्यांना आधी सांगावे.

तिसरी चिठ्ठी उंच इमारतींवर दोरीला लटकून काचा पुसणाऱ्या मुलांबद्दल आहे. आभारी आहोत. फिल्म काचेच्या आतल्या बाजूने लावायची असते. तेव्हा त्या कामासाठी कोणाला दोरीवर उतरवण्याचे कारण नाही. कंत्राटदार बाहेरून लावायची फिल्म सुचवत असेल, तर आधी पट्टा, दुसरी स्वतंत्र दोरी आणि विमा यांची कागदपत्रे मागावीत, आणि दर त्यानंतर बोलावा.

शेवटची चिठ्ठी भाडेकरूची आहे. काच मालकाची, बिल आमचे. खर्च कोणी करायचा? भाडेकराराचे नूतनीकरण जवळ आले असेल तर अर्धा खर्च भाड्यातून वळता करण्याची अट लिहून घ्यावी. मालक नाही म्हणाला, तर चांगली फिल्म साबणाच्या पाण्याने आणि पात्याने जपून काढता येते, एवढे त्याला सांगावे. आणि तोवर पश्चिमेला बाहेरून चीक सोडावी. ती घर सोडताना बरोबर नेता येते.